लांब पल्ल्याची शिदोरी

पोरांनो, मॅरेथॉनचा सराव सुरू केलात, छान केलंत. पावडरींचे डबे घेण्याआधी रोमन शिपायाची शिदोरी मात्र बघून घ्या. त्या सैन्याच्या जुन्या शिस्तीबद्दल रोमन लेखक वेजेटियस लिहितो की उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे सुमारे 30 किलोमीटर चालण्याचा सराव शिपायाला असे.

धान्य सोडू नका. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने दिलेल्या मापावरून पायदळातल्या शिपायाला रोज साधारण 850 ग्रॅम गहू मिळे. त्यात अंदाजे 600 ग्रॅम कर्बोदकं आणि 100 ग्रॅम प्रथिनं येतात. 65 किलोच्या माणसाला ती वजनाच्या किलोमागे 9 आणि दीड ग्रॅम पडतात. रोज एक ते तीन तास कसून मेहनत करणाऱ्याला आजचे आहारतज्ज्ञ 6 ते 10 ग्रॅम कर्बोदकं आणि 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिनं सांगतात. मेहनत कमी असेल त्या दिवशी ताटही हलकं ठेवा.

धान्याला जोड द्या. खारवलेलं डुकराचं मांस आणि चीज रोमन छावणीत नेहमीचं होतं. तुम्ही डाळ, दही, अंडी, मासे घ्या.

पाण्यात मीठ विसरू नका. रोमन शिपाई पाण्यात आंबलेली वाइन किंवा व्हिनेगर घालून ‘पोस्का’ पीत. सम्राट हेड्रियनही छावणीत तेच पिई. पण नुसत्या आंबटाने घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. लिंबू, मीठ, साखरेचं सरबत जवळ ठेवा आणि तहानेप्रमाणे घोट घोट प्या.

पळताना खा. शिपायाचं आणि तुमचं गणित इथे वेगळं होतं. संथ चालीला शरीर चरबीही भरपूर जाळतं, म्हणून दोन जेवणांवर तो पल्ला गाठी. वेगाने पळताना स्नायूंत साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपत येते. म्हणून तासभरापेक्षा जास्त पळणार असाल तर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला सुरुवात करा. ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात.

शर्यतीच्या सकाळी कोंडा टाळा. एरवी भाकरी, चपाती उत्तम. त्या सकाळी मात्र मऊ भात किंवा साधा पाव खा, पोट हलकं राहतं.

आणि हे सगळं आधी सरावात पचवून बघा. शर्यतीच्या दिवशी कुठलाही नवा पदार्थ तोंडात घालू नका.