कळ थांबली, खडा नाही

मुतखड्याच्या कळा काय असतात, हे ज्याला आल्या त्यालाच ठाऊक. मी दोन बाळंतपणं सोसलीत आणि दोन्ही वेळा यापेक्षा बरं होतं, एवढंच सांगते. मला लिहायचंय ते कळा थांबल्यानंतरचं.

खान्देशातल्या एका बाजारपेठेत साड्यांच्या दुकानात मी काम करते. मे महिन्यात इथे पारा ४४ अंशांच्या वर जातो. अशाच एका दिवशी उजव्या बरगडीखालून निघालेली कळ जांघेपर्यंत उतरली, उलट्या झाल्या. इंजेक्शन झालं, सोनोग्राफीत ७ मिमीचा खडा दिसला, गोळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी परत दाखवा, असंही सांगितलं होतं. पण त्याआधीच दुखणं गेलं आणि खडा पडला असं घरात सर्वानुमते ठरलं. सासूबाईंनी श्रेय पानफुटीच्या पानांना दिलं, नवऱ्याने बार्लीच्या पाण्याला. पडताना खडा कोणी पाहिला नव्हता. त्यात लग्नसराई, दुकानात उभं राहायला जागा नाही. सुटी कोण देणार?

दिवाळीच्या तोंडावर वेगळ्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी झाली. खडा मूत्रवाहिनीत अडकून बसलेला आणि वर किडनी सुजलेली.

“पण मला तर काहीच दुखत नाही,” मी म्हटलं.

“ताई, तेच तर वाईट आहे,” डॉक्टर म्हणाले.

खडा टोचतो म्हणून कळ येते, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे खडा नळीत अडकला की मागे लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो, नळी आवळून आवळून तो पुढे ढकलायला बघते. कळ असते ती या ताणाची. तुंबणं तसंच राहिलं तर ती किडनी हळूहळू लघवी कमी बनवायला लागते. ताण उतरतो, कळ थांबते, आत मात्र किडनीचं नुकसान चालूच राहतं. दुसरी किडनी काम उचलते, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिनही कधी कधी ठीकच येतं. म्हणून खडा पडला असं म्हणायचं ते हातात आल्यावर किंवा फेरतपासणीत दिसेनासा झाल्यावरच. चहाची एखादी जुनी गाळणी त्यासाठी बाजूला काढून ठेवा आणि लघवी तीतून गाळा. सापडलेला खडा टाकून देऊ नका, तपासायला द्या. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे निघतात आणि ते औषधाने विरघळत नाहीत. यूरिक अ‍ॅसिडचे मात्र विरघळू शकतात, म्हणजे पुढचे उपाय त्यावर ठरतात.

हुलग्याचं कढण मी आजही पिते, चवीला छान लागतं. पण ५ मिमीच्या आतले बहुतेक खडे आपले आपणच पडतात, आणि श्रेय मिळतं त्या दिवशी जो काढा घेतला असेल त्याला. १० मिमीच्या वरचा खडा आपोआप पडणं अवघड. बिअरचा सल्ला देणारे दीरही प्रत्येक घरात असतात. ते सोडून द्या.

एका बाबतीत मात्र सकाळची वाट बघू नका. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवीच होईनाशी झाली, तर रात्री दोन वाजता का होईना, मोठ्या दवाखान्यात जा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही. तेव्हा आधी नळी घालून ती लघवी मोकळी करावी लागते, खड्याचं नंतर बघतात.

माझा खडा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसरने फोडला. टाका एकही नाही. आत एक नळी ठेवली, स्टेंट म्हणतात तो. लघवीला गेलं की कमरेत चमक निघायची आणि सारखं जावंसं वाटायचं. हा त्रास होणार हे आधी कळलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. ही नळी डॉक्टर सांगतील त्या तारखेला काढायचीच. आत विसरली गेली तर तिच्यावरच खडे चढतात. आम्ही तारीख लिहून फ्रिजवर चिकटवली होती.

आता पाणी. इटलीतल्या डॉक्टरांनी १९९६ साली छापलेला एक अभ्यास आहे. पहिला खडा होऊन गेलेल्यांपैकी ज्यांनी भरपूर पाणी प्यायलं, त्यांच्यात ५ वर्षांत १२ टक्क्यांना खडा पुन्हा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात पाणी तीन लिटरच्या पुढेच लागतं. लघवी पिवळीजर्द दिसली की कमी पडतंय असं समजा. पण बाजारात काम करणाऱ्या बायकांना हे सांगणारा कोणी विचारत नाही की जायचं कुठे. आमच्या गल्लीत बायकांसाठी सोयच नव्हती, म्हणून सकाळी घोटभर पाणी पिऊन दिवस काढायची सगळ्यांनाच सवय. ऑपरेशननंतर आम्ही सहाजणी मिळून शेठजींकडे गेलो. गोदामामागच्या संडासाची किल्ली आता काउंटरवर टांगलेली असते.

खाण्याबद्दल तर गैरसमजच फार. दूध बंद करा, असं मला चारजणांनी सांगितलं. उलट जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते लघवीत कमी उतरतं, म्हणून दूध-दही चालूच ठेवायचं. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने घ्यायच्या नाहीत. टोमॅटोच्या बिया बिचाऱ्या उगीच बदनाम आहेत. ऑक्झलेट भरपूर असतं ते पालकात आणि अळूत. अळू घशाला खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळेच. मी अळूचं फदफदं सणावारी खाते, सोबत वाटीभर दही घेऊन. लिंबूपाणी चांगलं, फक्त त्यात मीठ घालायचं नाही. मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. आमच्या घरी खरी पंचाईत इथेच झाली, कारण उडदाच्या पापडाशिवाय सासूबाईंचं ताट पुरं होत नाही, आणि पापडात मीठ तर असतंच, वर पापडखारही. सध्या एका जेवणाला अर्धा पापड, यावर तडजोड झालीय.