परसातल्या मिरचीला मृग नको, हस्त सरू द्या

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत मृगाची सर आली की सगळे घर भाताच्या मागे लागते आणि त्याच धांदलीत परसात मिरचीची चार रोपेही टोचली जातात. ऑगस्टमध्ये आवणी उरकून मान वर करावी, तर भात हिरवागार आणि मिरची मात्र पिवळी पडून पानगळीला लागलेली असते. दोष बियाण्याला किंवा खताला दिला जातो, पण चुकते ती वेळ. भाताला मुळाशी पाणी साचलेले हवे, मिरचीला मुळाशी हवा खेळती हवी. दोघांना एकाच नक्षत्रावर लावले तर एकाचे भागते आणि दुसरे मरते. म्हणून या दोन तालुक्यांत परसातल्या मिरचीचे वेळापत्रक पाऊस कधी येतो यावर न बांधता तो कधी जातो आणि त्यानंतर रात्री किती गार होतात, यावर बांधावे. त्या हिशेबाने तिखट आणि ढोबळी या दोन्ही मिरच्यांचे बी टाकण्याची वेळ आत्ता, मघा-पूर्वा नक्षत्रांत आहे.

राजगड-तोरण्याच्या पायथ्याला आणि पानशेतच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. मिरचीची मुळे उथळ असतात. जमिनीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यांना प्राणवायू मिळत नाही, मुळे काम थांबवतात आणि भर पावसात झाड तहानल्यासारखे मलूल होते. अशा चिखलात मर आणि मूळकूज आणणाऱ्या बुरशा फोफावतात. पानांवरचे सततचे पाणी करप्याला वाट देते, ढगाळ हवेत अन्न कमी तयार होते आणि आलेली फुलेही गळतात. खत वाढवून यातले काहीच सुधारत नाही. उलट, भातावरचा उरलेला युरिया मिरचीला दिला तर कोवळी, रसरशीत पाने येतात आणि किडीला आमंत्रण मिळते.

यावर कोणी म्हणेल, साऱ्या महाराष्ट्रात खरिपाची मिरची जून-जुलैतच लागते, मग इथेच का नको? मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबारच्या पट्ट्यात पावसाळ्यातही उघडीप मोठी असते, तिथे मृगातले रोप तग धरते. आपल्याच भोर तालुक्यात नसरापूर, किकवी, सारोळे या पूर्वेकडच्या गावांत पाऊस पुष्कळ कमी आहे. तिथे उंच गादीवाफ्यावर, निचऱ्याचा चर काढून खरिपाची तिखट मिरची घेता येईल. भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या वरच्या अंगाला मात्र तोच सल्ला लागू पडत नाही. तालुका एक असला तरी आभाळ एक नाही, हे लक्षात ठेवून आपल्या गावापुरता निर्णय घ्यावा.

पाऊस टळला म्हणजे काम झाले असेही नाही, कारण दुसरी मर्यादा थंडीची आहे, आणि इथे तिखट व ढोबळी यांच्या वाटा वेगळ्या होतात. वनस्पतिशास्त्रात दोघींची जात एकच, पण ढोबळी अधिक नाजूक आहे. दिवसा २० ते २५ आणि रात्री १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असले की तिची फळधारणा उत्तम होते. आपल्या खोऱ्यांत डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात. तेव्हा उमललेल्या फुलांतून फळे धरली तरी लहान आणि वेडीवाकडी राहतात. ढोबळीची पहिली फुले ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये यायला हवीत, त्यासाठी तिचे बी मघात, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात पडले पाहिजे. तिखट मिरची सोशिक असते. तिचे बी पूर्वात, सप्टेंबरच्या सुरुवातीला टाकले तरी चालते. थंडीत तिची वाढ मंदावते, पण फेब्रुवारीत ऊब वाढताच झाड पुन्हा बहरते. पारा ३५ अंशांवर गेला की दोघींचीही फुले गळतात, म्हणून मार्चच्या मध्यापर्यंत मुख्य बहर उरकलेला बरा.

भर पावसात रोपे करणे अवघड, ही शंका रास्त आहे. म्हणूनच रोपे उघड्यावर करू नयेत. पडवीच्या कडेला किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली, उजेड येईल पण पावसाचा मार लागणार नाही अशा जागी खोके किंवा ट्रे ठेवावा. चाळलेली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे घेऊन त्यात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळावी आणि बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावे. पाणी बेताने द्यावे, कारण या वयात रोपे कोलमडतात ती बहुधा अति ओलीमुळे. पाच-सहा आठवड्यांनी रोप लावणीला येते. तिखट मिरचीसाठी ‘फुले ज्योती’ आणि ‘पुसा ज्वाला’, ढोबळीसाठी ‘कॅलिफोर्निया वंडर’ आणि ‘अर्का मोहिनी’ हे जुने, सरळ वाण निवडावेत. संकरित वाणाचे बी मात्र पुढच्या वर्षासाठी धरू नये. दोन्ही मिरच्या शेजारी लावल्याने यंदाची ढोबळी तिखट होत नाही. पण कीटकांमुळे परागांची सरमिसळ होते आणि त्या फळांच्या बियांतून पुढची रोपे भलतीच निघू शकतात.

ढोबळी सप्टेंबरअखेर १०-१५ लिटरच्या कुंडीत लावावी, म्हणजे हस्ताचा गडगडाटी पाऊस आला तर आडोशाला नेता येते. तिखट मिरची हस्त सरल्यावर, चित्रा नक्षत्रात, गादीवाफ्यावर ६० बाय ४५ सेंटिमीटरवर लावावी. आधी वांगी, टोमॅटो किंवा बटाटा होता ती जागा टाळावी. ही सगळी एकाच कुळातली, रोगही सामाईक. कोरड्या हवेत खरा शत्रू बोकड्या, म्हणजे पाने वळून आकसणे. पाने वर वळली तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी असतात. पांढरी माशी विषाणू पसरवते. त्याने पूर्ण आकसलेले झाड बरे होत नाही, ते उपटून नष्ट करावे. पिवळे-निळे चिकट सापळे आणि दर आठवड्याला पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी, हे लावणीपासूनच सुरू ठेवावे. परसातली मिरची खुडून थेट ताटात येते, तिथे जहाल औषधाला जागा नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. धरणांच्या उशाशी असूनही वरच्या वाड्यांत मार्चनंतर घोटभर पाणी जपावे लागते, मग हिवाळी मिरची कशावर जगवायची? याचे उत्तर झाडांच्या संख्येत आहे. घराला पंधरा झाडे पुष्कळ होतात आणि त्यांना दिवसाला एक-दोन बादल्या पाणी पुरते. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी त्यांना चालते, साबणाचे नको. भात झोडून झाला की हाताशी असलेला पेंढा चार बोटे जाड अंथरला तर ओल टिकते. पाणी थोडे पण नेमाने द्यावे. आठवडाभर कोरडे ठेवून एकदम भिजवले तर कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही आणि ढोबळीचे टोक काळे पडते.

तोडणीतही वेळेचाच हिशेब आहे. हिरवी मिरची दर आठ-दहा दिवसांनी देठासकट खुडावी. फळे झाडावर पिकू दिली की झाडाची ताकद बियांकडे वळते आणि नवी फुले कमी येतात. म्हणून दहा झाडे हिरव्यासाठी आणि पाच लालसाठी, अशी वाटणी आधीच करावी. ढोबळी ओढू नये, फांदी मोडते. कात्रीने देठ कापावा. तिची काही फळे आणखी तीन-चार आठवडे ठेवून लाल करावीत, कारण पिकताना गोडी आणि क जीवनसत्त्व दोन्ही वाढतात. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात हंगेरीतल्या लाल मिरचीतूनच हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले होते. तिखट झाडांवरची लाल मिरची मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात खळखळ वाजेपर्यंत वाळते. जुलैत लावलेली मिरची जगली तरी पिकून वाळायची ती दमट हवेत, बुरशीच्या तोंडी. आज पडवीत टाकलेले बी मात्र उन्हाळ्यातल्या मसाल्याच्या कांडपाला वेळेवर पोहोचते. तेवढ्यासाठी या आठवड्यात एक खोके माती भरून ठेवा.