किरण : मुलाचे नाव की मुलीचे?



आपल्या नवी मुंबईत 'किरण' अशी हाक मारली, तर वळून पाहणारा मुलगा असेल किंवा मुलगीही. हा शब्द संस्कृत. 'कॄ' म्हणजे पसरवणे, विखुरणे, या धातूपासून तो आला. व्याकरणात पुल्लिंगी, पण नाव दोघांचेही. लेखक किरण नगरकर (१९४२-२०१९) पुरुष, तर १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत आलेल्या किरण बेदी स्त्री. उच्चाराला सोपे आणि अर्थाला उजळ, म्हणून सर्व धर्मांच्या घरांत ते रुळले.

बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र आजी म्हणते, "संताचे नाव हवे." तिचे म्हणणे निराधार नाही. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायद्यात (कलम ७६१) ख्रिस्ती नावाचा आग्रह होता. आईवडिलांनी दुसरेच नाव धरले, तर धर्मगुरूंनी त्याला संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवहीत लिहावीत, असे सांगितले होते. १९८३ च्या कायद्यात (कलम ८५५) नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे, एवढेच आहे.

मग किरण परके कसे? प्रभू येशूने स्वतःला जगाचा प्रकाश म्हटले (योहान ८:१२). बाप्तिस्म्यात बाळाची मेणबत्तीही पास्काच्या मेणबत्तीवरच पेटवतात. अलिशिबेने 'योहान' हे नाव सांगितले, तेव्हा नातलगांनीही हरकत घेतलीच होती (लूक १:५९-६३).

तेव्हा नावावरून घरात अबोला नको. 'किरण मरिया' किंवा 'किरण योसेफ' ठेवून आजीचेही मन राखू या. नोंदवहीत 'पुत्र' लिहिले आहे की 'कन्या', हे मात्र सही करण्यापूर्वी जरूर पाहू या.