पाणी : हक्क आणि मात्रा

आपल्या रायगड जिल्ह्यात पाण्याविषयी लिहू लागले की प्रथम महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. न्यायालयीन लढा मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत चालला. ज्या समाजाला ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे झगडावे लागले, त्याला अतिरिक्त पाण्याचे धोके सांगणे विचित्र वाटेल. परंतु मिळवलेल्या हक्काचे शास्त्र जाणणे, हे त्या लढ्याचेच पुढचे पाऊल होय.

निरोगी प्रौढाची मूत्रपिंडे तासाला साधारणतः पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. थोड्या अवधीत त्याहून पुष्कळ अधिक पाणी पोटात गेले की रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते आणि पाणी पेशींत शिरून त्या फुगतात. कवटीत बंदिस्त असलेल्या मेंदूला फुगण्यास जागा नसते. म्हणून आधी डोकेदुखी, मळमळ, उलटी व गोंधळलेपण दिसते. पुढे झटके, बेशुद्धी आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. २००७ साली अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे एका रेडिओ केंद्राच्या पाणी पिण्याच्या स्पर्धेनंतर एका तरुण मातेचा असाच अंत झाला.

काहींना तहान नसतानाही पाणी पिण्याची अनावर ओढ लागते. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घकालीन मानसिक आजारांत ती विशेष आढळते. काही औषधांनी तोंडाला पडणारी कोरडही तिला कारणीभूत ठरते. सतत लागणारी तहान हे मधुमेहाचे लक्षणही असू शकते. तेव्हा असे वागणे हट्ट समजू नये आणि ‘बाहेरची बाधा’ मानून अंगारे-धुपारेही करू नयेत. नळाला कुलूप लावणे हा तर उपाय नव्हेच; पाणी अडवण्याचा इतिहास आपण भोगला आहे.

अशा व्यक्तीस डॉक्टरांकडे न्यावे. साखर व सोडियम तपासून घ्यावे. भरपूर पाणी प्यायल्यानंतर उलट्या, गुंगी वा झटके दिसल्यास आणखी पाणी न पाजता तत्काळ रुग्णालय गाठावे. घरी मीठ खाऊ घालू नये. सोडियम एकदम वाढवणेही मेंदूस घातक ठरते. पालकांनी मुलाची अशी सवय वसतिगृहापासून लपवू नये आणि शिक्षकांनी तिची थट्टा होऊ देऊ नये. त्याच वेळी कोकणच्या उकाड्यात तहानलेल्या मुलाला वर्ग चालू असतानाही पाणी मिळालेच पाहिजे.

तळा गावाजवळच्या कुडा येथील बौद्ध लेण्यांत पाण्याची टाकी आहेत. भिक्खूंचा निवास पाण्याविना शक्य नव्हता. तरीही त्यांच्या आचारात ‘मत्तञ्ञुता’, म्हणजे मात्रेची जाण, मोलाची होती. अतिभोजनाने सुस्तावलेल्या कोसलराज पसेनदीला तथागतांनी उपासाचा नव्हे, मात्रेचा मार्ग दाखवला. पाण्याबाबतही आपण तोच मार्ग धरावा. पाणी सर्वांना मिळावे, तहानेइतके प्यावे आणि ज्याची ओढ त्याच्या ताब्यात राहिली नाही, त्याला करुणेने उपचारांपर्यंत न्यावे.