परक्या न्हाणीघरातलं गरम पाणी

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातून कोलकात्याला येणाऱ्यांचा ओघ असतो. कुणी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरतं, कुणी न्यू टाउनला लेकीच्या फ्लॅटवर, तर कुणी संक्रांतीच्या गंगासागर स्नानासाठी बाबूघाटाहून काकद्वीपची बस धरतं. पहाटे पारा तेरा-चौदा अंशांवर असतो. त्यात हवा दमट, त्यामुळे गारवा अंगात शिरतो. साहजिकच सकाळी उठल्यावर गिझरची आठवण आधी होते. माझी विनंती आहे, त्या गिझरकडे जरा नीट पाहा. आपल्या घरचा नळ किती फिरवायचा हे हाताला ठाऊक असतं. परक्या न्हाणीघरात ते ठाऊक नसतं, आणि भाजण्याचे प्रकार तिथे सहज घडतात.

कातडी किती अंशांना किती वेळात भाजते, याचा पद्धतशीर अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. आजचे नियम बऱ्याच अंशी त्यावरच उभे आहेत. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. ५५ अंशांना जेमतेम अर्धं मिनिट लागतं. ४९ अंशांना मात्र पाच मिनिटांहून जास्त अवधी मिळतो, म्हणजे हात मागे घ्यायला पुरेसा वेळ असतो. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ मिळतो. साठवणीचे बरेच गिझर पाणी ६० अंशांच्या वर तापवतात. अंघोळीला लागतं ३७ ते ४० अंश, तान्ह्या बाळाला ३७-३८. मधला सगळा फरक भरून काढतं ते आपलं विसण.

म्हणून विसणाचा क्रम बदला. आपल्याकडे आधी कढत पाणी ओतायचं आणि मग बेताने विसण घालायचं अशी सवय आहे. बंबाच्या काळापासूनची ती. पण या दोन ओतण्यांच्या मधल्या मिनिटभरात रांगतं मूल बादलीत हात घालतं, किंवा बादलीला धरून उभं राहायला जातं आणि ती अंगावर घेतं. आधी बादलीत गार पाणी घ्या, वरून गरम सोडा, हाताने तळापर्यंत ढवळा आणि मग कोपर बुडवून पाहा. बोटं राठ असतात, त्यांना लवकर पोळत नाही, कोपराला कळतं. बाळंतिणीला कडकडीत पाण्याने न्हाऊ घातल्याशिवाय ‘अंग भरत नाही’ ही समजूत अजून घरोघरी आहे. तिलाही सोसेल इतपतच पाणी द्या, आणि टाके असतील तर कढत पाण्याची धार त्यावर अजिबात नको.

शॉवरचा धोका वेगळा आहे. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येणाऱ्या इमारतीत कुणी शेजारचा गार नळ उघडला की शॉवरला येणारं गार पाणी कमी होतं आणि पुढच्याच क्षणी धार चटका देते. डोक्याला साबण लावून डोळे मिटलेला माणूस दचकून मागे सरतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. ज्येष्ठांनी परक्या ठिकाणी शॉवरच्या नादी लागू नये, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बादलीनेच अंघोळ करावी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर फार गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो आणि उठताना भोवळ येते.

अलीकडे महाराष्ट्रात चाकांवरच्या घराची, कॅरॅव्हॅनची हौस वाढते आहे. राज्याने २०२१ मध्ये त्यासाठी पर्यटन धोरणही आणलं. तिथलं न्हाणीघरही परकंच; टाकी लहान आणि पंप थांबून थांबून चालतो, त्यामुळे शॉवरचा हा चटका जास्तच बसतो. शिवाय टाकी लहान म्हणून लोक पाणी होईल तितकं तापवतात. त्याची गरज नाही. १५ लिटरची टाकी ५० अंशांवर तापवली आणि २० अंशांच्या गार पाण्यात मिसळली, तर ४० अंशांचं साडेबावीस लिटर पाणी मिळतं, म्हणजे एका माणसाला भरपूर. दुसऱ्याने पंधरा-वीस मिनिटं थांबावं; दोन किलोवॅटचा गिझर तेवढ्यात पुन्हा तापतो. थर्मोस्टॅटचा खटका बाहेरून दिसत असेल तर तो ५० अंशांवर आणा. झाकण उघडावं लागत असेल तर ते काम इलेक्ट्रिशियनचं आहे.

एका बाबतीत मात्र जास्त उष्णता हवी. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात एका संमेलनात पसरलेल्या न्यूमोनियातून ते ओळखले गेले. महिनोन्महिने बंद राहिलेला फ्लॅट उघडलात, किंवा गाडी वर्षाने बाहेर काढलीत, तर पहिलं पाणी ६० अंशांच्या वर तापवून ते सोडून द्या, खिडकी उघडी ठेवून आणि मुलांना दूर ठेवून. नंतर खटका खाली आणा. गिझर सतत ५० वर ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा हाच प्रकार करा.

मधुमेह्यांना कळकळीने सांगते. पायांना मुंग्या येतात, बधिरपणा आहे, असं असेल तर पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका. बधिर पायाला कढत पाणीही कोमट वाटतं आणि फोड रात्री मोजे काढताना दिसतो. घरातल्या दुसऱ्याला पाणी पाहायला सांगा, नाहीतर साधं थर्मामीटर बादलीत बुडवा. तळव्याला गरम पाण्याची पिशवी लावून झोपणं तर पूर्ण बंद.

रॉडने पाणी तापवत असाल तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात लावा. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर तिथे अंघोळच करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होऊन मळमळतं आणि माणूस बेशुद्ध पडतो.

भाजलंच, तर ताबडतोब वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरा, घड्याळ लावून. ओले कपडे, बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. मूल असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ, कोरड्या कपड्याने झाका. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग किंवा सांधा भाजला असेल, किंवा रुग्ण लहान मूल, वृद्ध वा मधुमेही असेल तर वेळ न घालवता दवाखान्यात जा. कोलकात्यात एसएसकेएम म्हणजे पीजी रुग्णालयात आणि टॉलीगंजच्या एम. आर. बांगूर रुग्णालयात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ लावा आणि किती वाजता, किती गरम पाण्याने भाजलं, हे सांगायला विसरू नका.