चॉसर : एका आडनावाचा इतिहास

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात 'कँटरबरी टेल्स'चा कर्ता जेफ्री चॉसर याचे नाव आरंभीच येते. त्याचे काव्य आपण अभ्यासतो. पण त्याच्या आडनावाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोशात पाहावे तर तेथे 'चॉसर म्हणजे चांभार किंवा पायमोजे शिवणारा' असा सरळ अर्थ मिळतो. मग कवीचे पूर्वज जोडे शिवीत होते काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे आढळले, ते येथे थोडक्यात मांडीत आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. लॅटिनमध्ये जोड्याला 'काल्केउस' म्हणत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पायाच्या आवरणाचे नाव आले आणि ते तयार करणाऱ्या कारागिराचेही. आजच्या फ्रेंचमधील 'शोस्यूर' म्हणजे पादत्राण, हा शब्द याच कुळातला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा असे अनेक धंदेवाचक फ्रेंच शब्द तेथे रुजले. 'टेलर' हे आडनावही मूळचे फ्रेंचच.

इंग्रजी आडनावांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात. 'हिल' हे स्थळावरून, 'जॉन्सन' हे बापाच्या नावावरून, 'स्मिथ' व 'बेकर' ही धंद्यावरून आणि 'आर्मस्ट्राँग' हे शरीरगुणावरून पडलेले. परंतु आरंभी ही नावे वंशपरंपरागत नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच नावाची अनेक माणसे असल्यामुळे ओळख पटावी म्हणून कारकून नावापुढे काही खूण लिहीत. बाप 'स्मिथ' असला तरी मुलगा पाव भाजू लागला की तो 'बेकर' होई. तेराव्या-चौदाव्या शतकांत ही खूण हळूहळू बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, आणि तेव्हापासून तिच्या मूळ अर्थाशी माणसाचा संबंध उरला नाही.

चॉसर घराण्यात हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. कवीचा पणजा अँड्र्यू हा इंग्लंडच्या पूर्वेकडील इप्स्विच गावी दारूचा गुत्ता चालवी. त्याचे नाव 'डेनिंग्टनचा अँड्र्यू' असे आढळते. त्याचा मुलगा रॉबर्ट कागदोपत्री कधी डेनिंग्टनचा, कधी मॅलिन, तर कधी चॉसर म्हणून येतो. चॉसर हे नाव त्याला लंडनमध्ये मिळाले. पूर्वी असे समजत, की चर्मकारांच्या पेठेत राहिल्यामुळे ते पडले असावे. अलीकडील अभ्यासकांचा तर्क निराळा आहे : रॉबर्ट ज्याच्याकडे उमेदवारी करीत होता, त्या जॉन ल चॉसर नावाच्या धन्याचे नाव त्याला चिकटले. गंमत अशी, की हा धनीदेखील चांभार नव्हता. तो उंची कापडाचा व्यापारी होता! रॉबर्ट स्वतः मद्याच्या व्यापारात शिरला आणि 1310 मध्ये लंडन बंदरात मद्यावरील जकात वसूल करणारा अधिकारी झाला.

रॉबर्टचा मुलगा जॉन, म्हणजे कवीचा बाप. इप्स्विचची मिळकत घरातच राहावी म्हणून 1324 मध्ये आत्याने या कोवळ्या मुलाला पळवून नेले. आपल्या मुलीशी त्याचे लग्न लावण्याचा तिचा बेत होता. तो फसला, आणि 250 पौंडांचा जबर दंड झाला. या खटल्याच्या कागदांमुळे घराण्याची बरीच माहिती आज उपलब्ध आहे. पुढे जॉन लंडनमधील वजनदार मद्यव्यापारी झाला. 1381 च्या एका दस्तात कवीने स्वतःची ओळख 'लंडनचा मद्यव्यापारी जॉन चॉसर याचा पुत्र' अशीच दिली आहे. त्या वेळी तो स्वतः लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचे काम पाहत होता.

कवीचा मुलगा थॉमस हा कॉमन्स सभागृहाचा पाच वेळा सभापती झाला. त्याला मुलगा नव्हता. 1434 मध्ये तो वारला आणि या शाखेतले चॉसर हे आडनाव तेथेच संपले. त्याची एकुलती कन्या अ‍ॅलिस सफोकची डचेस झाली. गुत्तेवाल्या अँड्र्यूपासून डचेस अ‍ॅलिसपर्यंत पाच पिढ्यांचे अंतर होते. त्यांपैकी जोडा शिवल्याची नोंद मात्र एकाचीही नाही.

यावरून मला असे वाटते, की आडनावाचा अर्थ हा शब्दाचा इतिहास असतो, घराण्याचा नव्हे. घराण्याचा इतिहास दस्त, जकातीच्या वह्या आणि खटल्यांचे कागद यांतच शोधावा लागतो. आपणही आडनाव कानी पडताच समोरच्याची जात, धंदा आणि योग्यता मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. चॉसरबाबत तसे केले असते, तर तिन्ही अंदाज चुकले असते. तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने व्युत्पत्ती अवश्य पाहावी; मात्र तिच्यावरून माणसाची पारख करू नये.