सार्वजनिक सुट्टी : कोणाचा हक्क, कोणाची सवलत ?

गोदावरीच्या काठी वसलेले कोपरगाव हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तहसील कचेरी, पंचायत समिती, बँकांच्या शाखा, बाजार समितीचे आवार, एस. टी. आगार, दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक, शाळा-महाविद्यालये, औद्योगिक वसाहत आणि तालुक्यातील सहकारी साखर कारखाने यांमुळे नोकरदार व श्रमिकांचे बहुतेक सर्व प्रकार येथे एकाच परिसरात नांदताना दिसतात. महाशिवरात्रीचा दिवस उदाहरणादाखल घ्यावा. त्या दिवशी तहसील कचेरी व बँका बंद असतात. परंतु गाळपाचा हंगाम चालू असल्यास कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील कारखान्यांच्या पाळ्या नेहमीप्रमाणे भरतात, एस. टी. धावत असते, बाजारातील अनेक दुकाने उघडी असतात आणि ऊसतोडणी मजूर पहाटेच फडात उतरलेला असतो.

अशा वेळी ‘सरकारने सुट्टी जाहीर केली आहे, मग ती आम्हांला का नाही ?’ असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. हा प्रश्न बहुधा गावातील शिक्षकाकडे, ग्रामपंचायत सदस्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे येतो. त्याचे चुकीचे उत्तर दिले गेले तर एखाद्याची एक दिवसाची मजुरी बुडते, किंवा सुट्टी आपलीच आहे असे समजून घरी राहिलेल्या कामगारावर गैरहजेरीचा ठपका येतो. म्हणून या विषयातील मूळ तरतुदी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

राजपत्रातील सुट्टीचा अर्थ

दरवर्षी राज्य शासनाचा सामान्य प्रशासन विभाग सार्वजनिक सुट्ट्यांची यादी राजपत्रात प्रसिद्ध करतो. ही अधिसूचना पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम २५ खाली काढली जाते. हा कायदा कामगारविषयक नाही. तो हुंडी, वचनचिठ्ठी व धनादेश यांच्या व्यवहारासंबंधी आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर तिची रक्कम कोणत्या दिवशी देय समजावी, हे ठरविण्यासाठी कायद्यात ‘सार्वजनिक सुट्टी’ या शब्दांची व्याख्या करावी लागली. त्या व्याख्येत रविवार आणि शासनाने अधिसूचित केलेले अन्य दिवस येतात.

तात्पर्य, या अधिसूचनेमुळे बँकांचे व्यवहार थांबतात आणि शासन तीच यादी आपल्या कार्यालयांना लागू करते. परंतु एखाद्या खाजगी कारखान्याने वा दुकानाने त्या दिवशी आपल्या कामगारास भरपगारी सुट्टी द्यावी, असे बंधन केवळ या अधिसूचनेने निर्माण होत नाही. बहुतेक सर्व गैरसमजांचे मूळ येथेच आहे. दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची, म्हणजे २ ऑगस्टची, सुट्टी पुन्हा जाहीर करावी यासाठी केलेल्या अर्जावर निर्णय देताना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असे स्पष्ट केले की, सार्वजनिक सुट्टी मिळविण्याचा कायद्याने अंमलात आणता येईल असा मूलभूत हक्क कोणालाही नाही. कोणता दिवस सुट्टीचा असावा हा शासनाच्या धोरणाचा प्रश्न आहे.

कार्यालये, बँका आणि शाळा

शासकीय क्षेत्रातही सर्वांची यादी एकच असते असे नाही. १ एप्रिल हा दिवस बँकांना वार्षिक हिशेबासाठी सुट्टी म्हणून देण्यात येतो. तो शासकीय कार्यालयांना लागू नसतो. उलटपक्षी, जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात ज्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्या बँकांना व केंद्र शासनाच्या कार्यालयांना लागू होत नाहीत. टपाल कार्यालय व रेल्वे यांच्या सुट्ट्या केंद्र शासनाच्या नियमांनुसार ठरतात. शनिवारचेही तसेच आहे. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, परंतु अत्यावश्यक सेवा व शाळा यांना तो लागू करण्यात आला नाही.

शाळांचा हिशेब आणखी निराळा आहे. राज्यात शाळांच्या वर्षभरातील एकूण सुट्ट्या ७६ हून अधिक होऊ नयेत, असा दंडक पाळला जातो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० व सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस ठरविले आहेत. म्हणून तहसील कचेरी बंद आहे एवढ्यावरून शाळा बंद असलीच पाहिजे असे अनुमान काढता येत नाही.

दुकाने व व्यापारी आस्थापना

खाजगी क्षेत्रात सर्वांत स्पष्ट तरतूद आहे ती महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ या कायद्यात. त्यानुसार कामगारास वर्षाकाठी आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे चार दिवस कायद्यानेच निश्चित केले आहेत. उरलेले चार दिवस मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवावयाचे असतात. कामाच्या निकडीमुळे या दिवशी कामगारास बोलाविले तर त्याला सरासरी दैनिक वेतनाच्या दुप्पट वेतन आणि त्याबदली दुसऱ्या दिवशी रजा द्यावी लागते. साप्ताहिक सुट्टी याखेरीज आहे. दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे.

तथापि एक महत्त्वाची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. पूर्वीचा १९४८ चा कायदा लहान दुकानांनाही लागू होता. २०१७ च्या कायद्यातील सेवाशर्ती दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आल्या, आणि ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. तालुक्याच्या गावात किराणा, कापड वा भुसार मालाच्या दुकानात दोन-चार नोकर असतात. अशा दुकानातील नोकराला या आठ सुट्ट्यांची हमी या कायद्यातून मिळत नाही. त्याची सुट्टी मालकाशी ठरलेल्या शर्तींवर व बाजारपेठेच्या रीतीवर अवलंबून राहते.

साखर कारखाना : तीन प्रकारचे कामगार

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत तीन गोष्टींची गल्लत होते : साप्ताहिक सुट्टी, वार्षिक भरपगारी रजा आणि सणाची सुट्टी. आठवड्याच्या सुट्टीमागे मोठा लढा आहे. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या मागणीला १० जून १८९० रोजी यश येऊन त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे कारखाने अधिनियम, १९४८ याने साप्ताहिक सुट्टी व भरपगारी रजा या दोहोंची तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या असून या बाबी आता व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत समाविष्ट आहेत. आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम करून घेता येत नाही, आणि वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. पूर्वी ही अट २४० दिवसांची होती.

सणाच्या सुट्ट्यांची यादी मात्र कारखाने अधिनियमात कधीच नव्हती. त्या कारखान्याचे स्थायी आदेश, मालक व संघटना यांच्यातील करार अथवा लवादाचा निवाडा यांवरून ठरत आल्या. साखर धंद्यात वेतन व सेवाशर्ती ठरविण्यासाठी राज्यात त्रिपक्षीय समितीची प्रथा आहे. करारात एकदा मान्य झालेली सुट्टी मालकाला एकतर्फी काढून घेता येत नाही. भरपगारी रजा व सुट्ट्या यांत बदल करावयाचा असल्यास २१ दिवसांची सूचना देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि ते २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे.

कायम कामगाराला करारातील सर्व सुट्ट्यांचा लाभ होतो. हंगामी कामगाराची स्थिती निराळी असते. २६ जानेवारी हंगामात येतो, १५ ऑगस्ट बिगरहंगामात. बिगरहंगामात हंगामी कामगार हजेरीवर नसतो. त्याला ठरलेल्या प्रमाणात भत्ता मिळतो. त्यामुळे त्या काळातील सुट्टीचा स्वतंत्र पगार त्याला मिळेल की नाही, हे कराराचा मजकूर पाहूनच सांगता येते.

तिसरा वर्ग ऊसतोडणी मजुरांचा. हे मजूर मुकादमामार्फत उचल घेऊन येतात आणि त्यांची मजुरी टनावर ठरते. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हटले जाते. एक दिवस काम चुकले तर तो ‘खाडा’ समजून पैसे कापण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. याउलट कारखाना साफसफाईसाठी बंद राहिला तर मजुराला सक्तीने बसून राहावे लागते, आणि टन नाही म्हणून मजुरीही नाही. भरपगारी सुट्टी ही कल्पना दिवसाच्या वेतनावर आधारलेली आहे. टनावरच्या मजुरीत तिला जागाच उरत नाही. ज्याचे श्रम सर्वांत कष्टाचे, त्याच्या वाट्याला सुट्टी सर्वांत कमी, अशी ही वस्तुस्थिती आहे.

मतदानाचा दिवस

एक सुट्टी मात्र या सर्व भेदांपलीकडची आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम १३५-ब अन्वये लोकसभा व विधानसभा निवडणुकीच्या मतदानादिवशी कोणताही धंदा, व्यापार, औद्योगिक उपक्रम वा अन्य आस्थापना यांत काम करणाऱ्या प्रत्येक मतदारास सुट्टी द्यावी लागते व त्याबद्दल वेतन कापता येत नाही. रोजंदारीवरील कामगारही यात येतो. ज्याच्या गैरहजेरीमुळे धोका वा मोठे नुकसान संभवते, अशा कामापुरताच अपवाद आहे. येथे दुकान लहान की मोठे हा प्रश्न उद्भवत नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेले विधानसभेचे मतदान ऊसतोडणीच्या हंगामाच्या तोंडावरच आले होते. अशा प्रसंगी या तरतुदीची माहिती मजुरांच्या तळापर्यंत पोचणे किती आवश्यक आहे हे सांगावयास नको.

विचारणा कशी करावी

‘आज सुट्टी आहे काय ?’ या प्रश्नाऐवजी ‘माझी सुट्टी कोणत्या कागदावरून ठरते ?’ असा प्रश्न विचारला तर पुष्कळसा गोंधळ टळेल. सल्ला देणाऱ्याने पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

१. काम कोठे आहे : शासकीय कार्यालय, बँक, शाळा, दुकान, कारखाना की शेत ?

२. त्या ठिकाणी एकूण कामगार किती आहेत आणि दुकाने अधिनियमाची चालू मर्यादा काय आहे ?

३. नेमणूकपत्र, स्थायी आदेश वा करार यांत सुट्ट्यांची यादी आहे काय ? कंत्राटदाराकडील कामगार असल्यास कंत्राटातील अटी कोणत्या ?

४. वेतन महिन्याचे, रोजाचे की कामाच्या मापावर ? माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्या हमालाला लेव्हीतून रजावेतनासारखे लाभ मिळतात. नोंद नसलेल्याला ते मिळत नाहीत. म्हणून नोंदणीचीही चौकशी करावी.

५. सुट्टीच्या दिवशी काम केले असल्यास त्याची हजेरी लेखी नोंदली गेली आहे काय ? दुप्पट वेतनाची किंवा बदली रजेची मागणी याच नोंदीवर उभी राहते.

यानंतरही शंका राहिल्यास कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयातील सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे विचारणा करता येते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार दिवसांना ग्रामीण भागात आणखी एक महत्त्व आहे. याच दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात राज्यात रूढ आहे. दुकानातील नोकर, हमाल वा मजूर त्या दिवशी कामावरून सुटू शकला नाही, तर त्याचा रोज वाचतो, परंतु गावाच्या कारभारातील त्याचा आवाज हरवतो. लहान दुकानदारांनी वर्षारंभी आपल्या नोकरांशी बोलून निदान या चार भरपगारी सुट्ट्या ठरवून घेतल्या, तर कायद्याचे बंधन नसतानाही ते सहज साधेल. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी या कामी पुढाकार घ्यावा. ग्रामसभेच्या नोटिशीबरोबर या सुट्ट्यांची माहितीही फलकावर लावता येईल.